ड्युएथलॉन: आधी पळा, मग सायकल मारा, मग परत पळा!

खाडीवारा
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी इथेच मी "गुडघा दुखतोय, पळणं सोडू का?" असा रडका धागा काढला होता. "सोडू नकोस, सायकल घे" असं ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्या सगळ्यांना हा वृत्तांत सप्रेम अर्पण. आज पहिली ड्युएथलॉन पूर्ण केली आणि आत्ता सोफ्यावरून उठताना टेबलाला धरावं लागतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायथलॉनमधलं पोहणं काढून त्या जागी पळणं घातलं की झाली ड्युएथलॉन. स्टँडर्ड अंतर १० किमी पळणं, ४० किमी सायकल, ५ किमी पळणं. याच्या निम्मी ती स्प्रिंट, म्हणजे ५, २० आणि अडीच. मला पोहता येतं, पण माझं पोहणं बघून लाइफगार्ड खुर्चीवरून उठतो, म्हणून हा मार्ग.

तयारी १४ आठवडे. राहायला नेरुळ, ऑफिस ऐरोलीला, त्यामुळे जे काही करायचं ते सकाळी साडेसातच्या आत. मंगळवार-गुरुवार पळणं, बुधवार-शनिवार सायकल, रविवारी काहीतरी लांबलचक. सायकलसाठी अर्थात पाम बीच रोड. वाशीपासून बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत साधारण १० किमी, सपाट; दोनदा जाऊन आलं की शर्यतीचं अंतर झालं. चढासाठी महिन्यातून एक-दोनदा पारसिक हिल. हिवाळ्यात चाणक्यच्या (मर्चंट नेव्हीचं कॉलेज) बाजूला फ्लेमिंगो येतात, तेव्हा शनिवारी तिथे मला हमखास टायरमधली हवा तपासावीशी वाटायची.

सायकलवरून उतरून लगेच पळायचं, याला ब्रिक म्हणतात. आठवड्याला एक करा असं जो तो सांगतो. मी १४ आठवड्यांत ३ केले. तेही सायकल लिफ्टने वर नेऊन, पाणी पिऊन, सोसायटीच्या सेक्रेटरींशी पार्किंगबद्दल दोन शब्द बोलून, मग लेस बांधून. म्हणजे खरं तर एकही नाही.

आता शर्यत. सव्वासहाची सुरुवात, अंधार. ठरवलेला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ५:४० मिनिटं. पहिला किलोमीटर ५:०५ आला. मनात म्हटलं उतार असेल. त्या रस्त्याला उतार नाहीये. आजूबाजूचे सगळे तसेच सुटले होते आणि मला इतकं छान वाटत होतं की काय सांगू! १० किमी ५२:१०. माझा आजवरचा सर्वात चांगला १० किमी ५१:३० आहे. अजून ४५ किमी शिल्लक असताना मी जवळजवळ सगळा जीव ओतून बसलो होतो आणि वर खुशीत होतो.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पळणं संपवून सायकल घ्यायच्या जागी, हेल्मेटचं बक्कल लागेना. बोटं घामाने ओली. बक्कल लागल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही हा नियम, आणि पंचबाई बरोबर माझ्या हनुवटीखाली नजर लावून उभ्या. तिसऱ्या प्रयत्नात टक् असा आवाज आला तेव्हा त्यांनीच मान डोलावली. पहिलं ट्रान्झिशन (टी-वन) २:५०.

सायकलचे १० किमीचे ४ लूप होते. २१:५०, २२:२०, २३:१०, २४:००. एकूण १:३१:२०. तिसऱ्या लूपला पाण्याच्या टेबलावर पाणी संपलेलं होतं (आयोजकांचं नाव घेत नाही, पण जानेवारीतसुद्धा माणसाला आठ वाजता तहान लागते हे त्यांना कोणीतरी सांगा). चौथ्या लूपला उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली तीच जुनी कळ.

आणि मग चिक्की. टी-टूमध्ये, म्हणजे सायकल ठेवून परत पळायला निघताना, खायला म्हणून शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा आणला होता. वाऱ्याने उडेल म्हणून टी-वनला पळायचे बूट काढल्यावर तो उजव्या बुटात टाकला. कागद आधीच अर्धा सोडवलेला, घामट हातांनी फाडायला वेळ नको म्हणून. केवढी ती हुशारी! दीड तासाने परत आलो तर जिभेखालून, लेसच्या भोकांतून, सगळीकडून लाल मुंग्यांची ये-जा. बूट आपटला, इनसोल उपसून काढला, मोज्याने आत पुसलं. शेजारचा मुलगा पळायला निघून गेला, तो आठवून परत वळला आणि म्हणाला, "काका, डाव्यातपण बघा." डाव्यातपण होत्या. ४:२५ गेले.

दुसरी धाव म्हणजे काय वर्णू. पोळपाटाचे पाय जेवढे आखूड, तेवढेच आपले उरलेत असं वाटतं. पाऊल उचलतंय, टेकतंय, पण रस्ता मागे सरकत नाही. ब्रिकमध्ये सहाच्या पेसने पळत होतो, इथे ७:२०. ५ किमीला ३६:४०. एकूण ३:०७:२५.

माझा निष्कर्ष असा: दुसरी धाव मी पहिल्या धावेतच हरलो. पहिल्या १० किमीत साडेचार मिनिटं कमावली, शेवटच्या ५ किमीत पावणेसात घालवली. जाणकारांनी मतं द्यावीत. मुंग्यांबद्दल सहानुभूतीही चालेल.

---

चकली
रविवार, रात्री १०:०५

अभिनंदन!! मुंग्यांना ठरलेलं खाणं ठरलेल्या वेळी मिळालं, त्यांची न्यूट्रिशन स्ट्रॅटेजी उत्तम होती.

---

आळशीराणा
रविवार, रात्री १०:२१

एक प्रामाणिक प्रश्न. ट्रायथलॉनमध्ये तीन प्रकार तरी होतात. इथे पळून दमल्यावर परत पळायचं, हे कोणाच्या सुपीक डोक्यातून आलं? आणि ब्रिक म्हणजे वीट ना? ऐकूनच वीट आला. (दिवे घ्या)

---

शब्दवेडा
रविवार, रात्री १०:५०

छान वृत्तांत. थोडं अवांतर. या प्रकाराला आधी 'बायथलॉन' म्हणत. पण बर्फावर स्की करत जाऊन रायफलने नेम धरायचा जो हिवाळी ऑलिंपिकमधला खेळ आहे, त्याचंही नाव तेच. गोंधळ नको म्हणून हे 'ड्युएथलॉन' झालं. ड्युओ लॅटिन आणि अ‍ॅथलॉन ग्रीक, म्हणजे नाव जुळवतानाही दोन घरची भांडी एकत्र आली. ट्रायथलॉन २००० साली सिडनीत ऑलिंपिकला पोचलं, हे बिचारं अजून दारातच आहे.

मराठीत याला काय म्हणावं? धाव-सायकल-धाव. थोडक्यात धा-सा-धा.

---

चकली
रविवार, रात्री १०:५४

धा-सा-धा!! तबला आणि गाणं एकाच शर्यतीत. शेवटचा धा मात्र बेताल पडला.

---

येऊरकर
सोमवार, सकाळी ६:१०

खाडीवारा, अभिनंदन. पहिल्याच वेळी स्टँडर्ड अंतर पुरं केलंस, हे आधी मनाशी नीट धर. आता जाणकार म्हणून नाही, तुझ्यापेक्षा १५ वर्षं जास्त पडलेला माणूस म्हणून लिहितो.

तुझा निष्कर्ष मला अर्धाच पटला. पहिली धाव जोरात गेली हे खरं. पण लूपच्या वेळा बघ. पहिल्या लूपला वेग ताशी साडेसत्तावीस किमीच्या आसपास होता, चौथ्याला बरोबर २५. रस्ता तोच, अंतर तेच, दर लूपला वेळ वाढत गेला. म्हणजे पळायला लागायच्या कितीतरी आधी, सायकलवरच पाय संपायला लागले होते. यातलं किती पहिल्या धावेचं आणि किती सायकलचं हे नुसत्या वेळांवरून सांगता येत नाही. म्हणून विचारतो: गिअर कोणता होता? केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) किती?

दुसरं, पहिले ५०० मीटर सगळे सुटतातच. मी ठाण्यात मुलांना सांगतो, सुरुवातीला रांगेत मागे उभं राहा. पुढे उभं राहिलं की पुढच्यांचे पाय आपले वाटायला लागतात.

आळशीराणा, वीट येणारच. आम्ही कळव्याहून नवी मुंबईत सायकलने येतो ते विटावा गावावरूनच.

---

खाडीवारा
सोमवार, दुपारी १:१५

धन्यवाद येऊरकर काका. घड्याळातून काढलं. पुढे मोठी चेनरिंग (पेडलकडचं दातेरी चक्र) ५० दात्यांची, मागच्या चक्राला बहुतेक वेळ १७. केडन्स सरासरी ७१. जड गिअर टाकला की कसं दमदार वाटतं!

---

येऊरकर
सोमवार, रात्री ८:३०

दमदार वाटतं आणि दम जातो. घ्या, सापडला चोर.

हिशेब कर. २६ च्या वेगाला ५०-१७ वर मिनिटाला ७० च्या आसपास फेरे बसतात. तोच वेग मागे २१ दाते टाकून ठेवलास तर फेरे ८६-८७ होतात. काम तेवढंच, पण दर फेऱ्याला मांडीवर येणारा जोर कमी. जड गिअरचा भार मांड्या उचलतात, हलक्या गिअरचा काही भाग छाती आणि दम उचलतो. नुसती सायकलची शर्यत असती तर मी म्हटलं असतं, तुला जमेल तो गिअर टाक. इथे उतरून त्याच मांड्यांवर पळायचं आहे.

तुम्ही नवी मुंबईकर सपाटीवर वाढलेले, म्हणून हे लवकर कळत नाही. एकदा उपवनवरून येऊर चढायला ये. जड गिअर टाकलास तर चढच तुला शिकवेल, मला बोलायची गरज नाही. मात्र उजाडल्यावर ये, ते जंगल आहे, बिबट्याला आपल्या शर्यतीशी देणंघेणं नाही.

---

डबलसीट
सोमवार, रात्री ९:०२

काका, त्या निमित्ताने: ठाण्यात ४० किमी सलग सायकल चालवायला जागाच कुठे राहिली आहे? घोडबंदर रोडला मेट्रोचे खांब, खड्डे, डंपर. मी शेवटी पहाटे कोपरीवरून निघून ऐरोली पुलाने पलीकडे जातो आणि पाम बीचला लागतो. घरापासूनच २० होतात.

---

येऊरकर
सोमवार, रात्री ९:२०

आम्ही काही जण नाशिक हायवेने पडघ्याकडे जातो, पण नवशिक्याला नको म्हणेन, ट्रक फार. पळायचं असेल तर उपवन तलाव आहेच.

---

नेरुळची_मावशी
सोमवार, रात्री ११:१०

पाम बीचबद्दल मला बोलायचं आहे, कारण सगळे त्याला स्वर्ग म्हणतात. रविवारी पहाटे साडेपाचला तिथे जागे असलेले दोनच प्रकार: आपण, आणि रात्रीची पार्टी उरकून शंभरच्या वेगाने घरी निघालेले. मागचा लाल दिवा चालू, अंगात भडक जॅकेट, डावी कड सोडायची नाही, आणि कानात काही घालायचं नाही. शर्यतीत हेडफोनला बंदी असते, तीच सवय रोज ठेवावी. एकटीने मी तिथे जातच नाही. आमचा पाच जणींचा ग्रुप आहे, एकीला उशीर झाला तर बाकीच्या चौघी तिच्या गेटवर जातात.

आता खाडीवारा यांना एक टोमणा. १४ आठवडे, आठवड्याला किती तास? ८? ९? तुमच्या वृत्तांतात फ्लेमिंगो आहेत, सेक्रेटरी आहेत, मुंग्या आहेत. त्या ९ तासांत तुमच्या घरी गॅसपाशी कोण होतं ते नाही. मी दोन ड्युएथलॉन केल्या आहेत, दोन्ही स्प्रिंट, कारण स्टँडर्डच्या तयारीचे तास माझ्या घरात बसत नाहीत. सव्वासहाला मुलाचा डबा, सातला नवऱ्याचा. माझं निम्मं सायकलिंग गच्चीत ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) झालं. तेही खालच्या मजल्यावरून "पिठाची गिरणी टाकली का?" अशी चिठ्ठी येईपर्यंत. मग ट्रेनरखाली जुनी गादी घातली.

कौतुक आहेच. पण हेही लिहा.

---

चकली
सोमवार, रात्री ११:१८

मावशी +१. आणि पिठाची गिरणी!!

---

खाडीवारा
मंगळवार, सकाळी ७:५०

मावशी, टोमणा पोचला. आठवड्याला साडेआठ तास. त्यातले शनिवार-रविवार मुलीचं सगळं बायकोने पाहिलं, आणि शर्यतीच्या पहाटे चार वाजता मला साबुदाण्याची खिचडी नको, पोहे हवेत हे सांगणारा मीच होतो. मूळ लेखात नव्हतं, आता आहे.

---

फिजिओताई
मंगळवार, दुपारी ३:३०

उशिरा आले, पण पोळपाटाचे पाय वाचून थांबवेना. हे असं का होतं ते थोडक्यात सांगते.

सायकल मारताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावतो तो आखडत आखडत. कंबर वाकलेली, मांडी कायम पोटाजवळ, त्यामुळे कमरेपुढचे जे स्नायू मांडी वर उचलतात ते दीड तास आखूडच राहतात. जमिनीचा धक्का शून्य. पळताना नेमकं उलटं. प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा तोच मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, आणि पाय मागे पूर्ण लांब जावा लागतो. शरीर हा बदल करतं, पण त्याला काही मिनिटं लागतात. तोवर पावलं आखूड पडतात आणि माणसाला वाटतं आपण जागच्या जागी आहोत. ब्रिकचा सराव असतो तो या बदलासाठी. तुमच्या सेक्रेटरींशी पाच मिनिटं बोलण्यात तोच भाग निघून गेला.

उपाय: सायकलचे शेवटचे दीड-दोन किमी गिअर हलका करा, एक-दोनदा पेडलवर उभं राहून कंबर पुढे काढा, पोटऱ्या ताणा. उतरल्यावर पहिले ७००-८०० मीटर मुद्दाम छोटी, भराभर पावलं. पेस बघू नका.

आता मला खरं टोचलेलं वाक्य: वाटीखालची कळ, चौथ्या लूपला. सीट खाली आहे का? घरी बघा. सायकल भिंतीला टेकवा, बूट काढून बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल तळाला न्या. गुडघा सरळ व्हायला हवा, कंबर न कलता. मग पायाचा चवडा पेडलवर ठेवला की आपोआप थोडा वाक राहतो. टाच ठेवूनसुद्धा गुडघा वाकलेला असेल तर सीट खाली आहे. खाली सीट आणि जड गिअर ही जोडी गुडघ्याच्या वाटीला फार वाईट. दुखणं राहिलं तर मात्र इथे विचारत बसू नका, कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

---

आळशीराणा
मंगळवार, संध्याकाळी ६:४५

आता मला सायकल बाहेर काढावीशी वाटतेय, हा धागा धोकादायक आहे. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेली हायब्रिड (सरळ हँडलवाली) आहे, सध्या तिच्यावर टॉवेल वाळतात. हिच्यावर स्प्रिंट होईल का? की आधी साठ-सत्तर हजार घालवायचे?

---

डबलसीट
मंगळवार, संध्याकाळी ७:१०

होईल. माझी पहिली हायब्रिडवरच झाली. सपाटीवर २५ च्या पुढे गेलं की बहुतेक जोर हवा कापण्यात जातो, आणि हायब्रिडवर आपण पाटासारखे ताठ बसतो, एवढाच मोठा तोटा. २० किमीत जीव जात नाही. पैसे घालवायचेच असतील तर आधी चांगलं हेल्मेट, नवे टायर आणि ट्यूब. ब्रेक दाखवून घ्या, आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बुच आहेत ना ते बघा. उघडं टोक असेल तर सायकल तपासणीतच अडवतात.

पंक्चर स्वतः काढायला शिका. मी शिकलो नव्हतो. स्पेअर ट्यूब होती, पंप होता, सगळं होतं, आणि १२ व्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसून मोबाइलवर व्हिडिओ बघत होतो.

---

आळशीराणा
मंगळवार, संध्याकाळी ७:२२

कोणाच्या तरी मागे चिकटून हवा वाचवली तर?

---

येऊरकर
मंगळवार, रात्री ८:४०

त्याला ड्राफ्टिंग म्हणतात आणि आपल्यासारख्या हौशी गटांत ते सहसा चालत नाही. स्टँडर्ड आणि स्प्रिंटला पुढच्या सायकलपासून साधारण १० मीटर अंतर ठेवायचं, ओलांडायचं तर झटकन ओलांडायचं. पंचांची मोटरसायकल फिरत असते. आणखी दोन गोष्टींवर नवखे दंड खातात: ट्रान्झिशनमध्ये सायकलवर बसतात (रेषेच्या पुढे गेल्यावरच बसायचं, परतताना रेषेच्या आधी उतरायचं), आणि सायकल अडकवायच्या आधी हेल्मेट सोडतात.

ट्रान्झिशनचा सराव सोसायटीच्या आवारात करा. नॅपकिन, बूट, हेल्मेट मांडा आणि दहा वेळा कपडे वाळत घालायच्या घाईने करा. वॉचमन हसेल, हसू दे. साध्या लेसऐवजी इलास्टिकची लेस घाला.

---

शब्दवेडा
मंगळवार, रात्री ९:१५

काका, लांब पल्ल्याचंही सांगा की.

---

येऊरकर
मंगळवार, रात्री ९:५०

स्वित्झर्लंडमध्ये झोफिंगेनची पॉवरमॅन म्हणून शर्यत आहे, १९८९ पासूनची. १० किमी पळणं, १५० किमी सायकल, आणि मग ३० किमी पळणं. डोंगरात. आपल्याकडचे लोक जास्त जातात ते मलेशियात पुत्रजयाला, तिथे १०-६०-१० असते आणि हवा आपल्यासारखीच दमट, म्हणजे वेगळा सराव नको. मी स्वतः दोन्हीकडे गेलेलो नाही. २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकल राइड) साडेतेरा तासांच्या आत करतो, भजी खातो, घरी येतो. माझा पिंड तो आहे.

---

नेरुळची_मावशी
बुधवार, सकाळी ११:००

दमट हवेवरून: पाण्याच्या टेबलावर विसंबूच नका. सायकलवर दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, एकीत ओआरएस. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरला असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी ओतली तर द्रावण दुप्पट कडक होतं आणि पोट बिघडतं. मी केलंय. कुठे बिघडलं ते विचारू नका. आणि शर्यतीच्या दिवशी नवं काही खायचं नाही, पोहे तर पोहे, रोजचेच.

---

चकली
बुधवार, सकाळी ११:०६

चिक्की रोजची असेल तर?

---

नेरुळची_मावशी
बुधवार, सकाळी ११:१५

डबीत. झाकण लावून.

---

खाडीवारा
१२ दिवसांनी, सोमवार, सकाळी ९:०५

धागा वर काढतोय, कारण हिशेब द्यायचा आहे.

आधी सीट. टाच ठेवून पाहिली, गुडघा चांगलाच वाकलेला. सीट पोस्टवर मागच्या मालकाने टेपची खूण करून ठेवली होती, मी घेतल्यापासून त्याच खुणेवर चालवतोय. तो माझ्यापेक्षा चार बोटं बुटका होता. वर्षभर दुसऱ्याच्या पायांनी सायकल मारली म्हणायची!

मग काल शर्यतीसारखाच, पण छोटा प्रयोग केला. ८ किमी पळणं, ३० किमी सायकल, ४ किमी पळणं. आवारात नॅपकिन मांडून, सेक्रेटरींना लांबूनच नमस्कार करून. पहिली धाव ठरवून ५:४५ ला बांधली. पहिल्या किलोमीटरला इतकं हळू वाटत होतं की पाम बीचवर मॉर्निंग वॉकवाले काका मला ओलांडतील अशी भीती वाटली. सायकलला मागे २१ आणि १९, केडन्स ८६. १०-१० किमीचे तीन तुकडे २३:०५, २३:००, २३:१०. म्हणजे शर्यतीच्या पहिल्या लूपपेक्षा सव्वा मिनिट हळू, पण तिसराही तसाच. उतरल्यावर पोळपाट होताच, पण ६००-७०० मीटरनंतर गेला. ४ किमी ६:०५ च्या पेसने.

येऊरकर काका, तुमचं बरोबर होतं, पण मीही पूर्ण चूक नव्हतो. तीन गोष्टी एकदम बदलल्यामुळे कोणत्या गोष्टीने किती फरक पडला ते आता कोणालाच सांगता येणार नाही, म्हणून दोघेही जिंकलो.

मावशी, काल घरी आलो ८:५० ला. पोहे मी केले. मीठ जास्त पडलं, घामाने भरपाई झाली असं मुलगी म्हणाली.

---

येऊरकर
सोमवार, दुपारी १२:४०

छान. पुढच्या वेळी दोनच गोष्टी बदल, म्हणजे मला भांडता येईल. येऊर कधी?

---

फिजिओताई
सोमवार, दुपारी २:१०

गुडघा कसा आहे? आणि सीट किती वर केली? एकदम सगळी केली नाहीत ना?

---

खाडीवारा
सोमवार, दुपारी २:३०

गुडघा काल गप्प होता. एकूण १८ मिलिमीटर वर जायची आहे असं दुकानातला म्हणाला. आत्ता १० केली, उरलेली दर आठवड्याला थोडी थोडी. जुनी टेप काढून टाकली.

---

आळशीराणा
सोमवार, रात्री १०:००

मी टॉवेल काढले. टायरमध्ये हवा भरली, सकाळी परत बसलेली. पंक्चर काढायचा तो व्हिडिओ कोणता होता डबलसीट?